भिंत ओली असेपर्यंत

माझ्या मामाला कामावर सगळे ‘मुका मिस्त्री’ म्हणायचे. हे नाव पहिल्यांदा घरी कळलं तेव्हा मामीची हसून हसून पुरेवाट झाली, कारण घरात मामाच्या तोंडाला कुलूप म्हणून नसायचं. संध्याकाळी पायरीवर बूट काढता काढताच त्याची सुरुवात व्हायची. कोणाच्या घराचा जिना किती अरुंद आहे, कोणत्या मालकिणीने भिंतीच्या रंगावरून नवऱ्याशी अबोला धरलाय, कोणत्या सुताराने चौकट उलटी बसवली आणि वर तीच सुलटी म्हणून मालकाच्या गळी उतरवली. जेवताना बोलायचा, हात धुताना बोलायचा, आणि दिवा मालवल्यावरही मामीला अंधारात हुंकार द्यावे लागायचे. हुंकार थांबला की विचारायचा, झोपलीस का, आणि पुढे सांगायला लागायचा.

कामावर मात्र तो खरोखरच मुका असायचा. मामा गिलावा करायचा. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, थापीने भिंतीवर सिमेंट-वाळूचा माल मारायचा, पसरायचा, झालं. मलाही तसंच वाटायचं. पण खरं काम त्यानंतरचं. माल लागला की थांबायचं, भिंतीला त्यातलं पाणी ओढू द्यायचं आणि मग लाकडी रंधा गोल गोल फिरवत सपाटी आणायची. घाई केली तर माल ओघळतो, उशीर केला तर दगड होतो. ती मधली वेळ मामाला कानाने कळायची. रंध्याचा आवाज आधी खरखर येतो, मग सरसर, आणि नंतर इतका मऊ होतो की श्वास धरून ऐकावा लागतो. त्यासाठी त्याला शांतता हवी असायची. म्हणून त्याचा नियम होता, की भिंत ओली असेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मालकाने नाही, हाताखालच्या माणसांनी नाही, आणि मामीने तर नाहीच.

दुसरा नियम त्याने स्वतःवर घातला होता. घेतलेली भिंत एका दमात पुरी करायची. अर्धी सोडून जेवायला गेलं आणि परत येऊन पुढे लावली, की दोन्हींमधे सांधा दिसतो. वरून कितीही रंग द्या, तो दिसतोच. मामा काम संपल्यावर हातात दिवा घेऊन भिंतीला अगदी चिकटून उभा राहायचा आणि उजेड आडवा पाडायचा. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवरचे खड्डे-उंचवटे त्या आडव्या उजेडात सावल्या टाकून उभे राहतात. त्याच्या भिंतींवर सावली म्हणून पडायची नाही. इतरांच्या भिंतींवर पडली, की त्या संध्याकाळी आम्हाला ऐकायला भरपूर असायचं.

मला या दोघांनीच वाढवलं. आई मी लहान असतानाच गेली, आणि वडिलांनी दुसरीकडे संसार थाटला. मामा-मामीला मूल नव्हतं, मला घर नव्हतं, जमलं. आता मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. त्यामुळे माझा आवाज मोठा आणि धीर लहान झालाय, असं मामी म्हणते. ती म्हणते त्यात तथ्य आहे.

मामी रोज दुपारी मामाचा डबा घेऊन कामावर जायची. सकाळीच बांधून देता आला असता, पण गरम खाल्लेलं अंगी लागतं हे तिचं म्हणणं आणि चालणं होतं हा बहाणा. भिंत ओली असेल तर ती पलीकडच्या खोलीत पालथ्या घमेल्यावर बसून राहायची. संसाराच्या निम्म्या दुपारी तिने लोकांच्या अशा अर्धवट घरांत काढल्या, जिथे दारं नव्हती, खिडक्यांना काचा नव्हत्या आणि नवरा भिंतीच्या पलीकडे होता. तिला रंध्याचा आवाज मामाइतकाच कळायचा. आवाज मऊ झाला की ती डब्याचं झाकण सैल करायची. आवाज थांबला, की मामा समोरच्या भिंतीला टेकून बसलाय आणि भिंत पाणी ओढायची वाट बघतोय, हे तिला न बघता कळायचं. मला ते सगळं फार वेडेपणाचं वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचे. नवरा-बायको दोघंही माझ्याकडे दुर्लक्ष करायची.

मामाला शुगर निघाली ती बरीच उशिरा. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि त्याला समोर बसवून नीट समजावलं, की ही गोळी घेतली की वेळेवर जेवायचं. तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत बसत नाही, ती साखर खाली ओढत राहते. मामाने मान डोलावली. औषधाच्या बाबतीत तो शिस्तीचा होता, एक गोळी चुकवली नाही. चुकलं ते जेवण, कारण जेवणाची वेळ भिंत ठरवायची. मामी रोज त्याच्या शर्टाच्या खिशात चार पेपरमिंटच्या गोळ्या टाकायची. त्या तो ज्या घरी काम असेल तिथल्या पोरांना वाटून यायचा आणि संपल्या म्हणून सांगायचा. खोटं नव्हतंच ते.

ज्या दिवशी हे घडलं त्याच्या आधी दोन दिवस त्याचं पोट बिघडलेलं होतं. जेवण जात नव्हतं. गोळी मात्र घेत होता. काम एका शाळाबाईंच्या नव्या घरात होतं, बैठकीच्या खोलीची लांबलचक भिंत. मामी म्हणाली, आज राहू द्या. तो म्हणाला, माल आलाय, माणूस सांगितलाय, आणि मी काय आजारी आहे का. चहा घेतला, गोळी घेतली आणि गेला.

दुपारी मामी डबा घेऊन पोचली तेव्हा रंधा चालू होता. ती पलीकडे बसली. हाताखालचा माणूस वाळू आणायला लांब गेला होता, तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता. तिला आवाज नेहमीपेक्षा संथ वाटला, पण पोट बिघडलेल्या माणसाचा हात संथच चालणार. मग आवाज थांबला. ती वाट बघत राहिली. बराच वेळ झाला तशी ती उठली आणि दाराच्या रिकाम्या चौकटीतून डोकावली. मामा समोरच्या भिंतीला पाठ लावून, गुडघे वर घेऊन, रंधा मांडीत धरून बसला होता. डोळे अर्धे उघडे होते आणि नजर भिंतीवर होती. आयुष्यभर बसत आला तसाच. मामी चोरपावलांनी मागे फिरली आणि पुन्हा घमेल्यावर बसली.

शाळाबाई शाळा सुटल्यावर काम बघायला आल्या तेव्हा दुपार कलली होती. त्यांना मामाचा नियम माहीत होता, पण शिक्षिका असल्यामुळे दुसऱ्याने घातलेले नियम त्यांना लागू होत नसत. त्या सरळ आत जाऊन कोनाड्याबद्दल विचारू लागल्या. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, जरा रागावूनच. मग खांद्याला हात लावला. शर्ट घामाने चिंब होता, आणि मामा बसल्या जागी बाजूला कलंडला. भिंत तोवर पार सुकली होती.

मी रुग्णालयात पोचले ती शेवटच्या पोराला घरी सोडून, आणि आत शिरताच जो दिसेल त्याच्यावर ओरडत. अँब्युलन्सवाल्याने आधी मामाच्या तोंडाचा वास घेतला होता, ज्या माणसाने जन्मात दारूला बोट लावलं नाही त्याच्या, म्हणून माझा पहिला बार त्याच्यावर उडाला. त्याने बिचाऱ्याने लगेच बोटाला सुई टोचून साखर पाहिली होती आणि वाटेतच शिरेतून ग्लुकोज दिलं होतं, हे मला नंतर कळलं. साखर इतकी खाली गेली होती, की नर्सने आकड्यावर विश्वास न ठेवता दुसऱ्या मशीनवर पुन्हा पाहिली. एरवी म्हणे ग्लुकोज गेलं, की माणूस डोळे उघडतो आणि मी कुठे आहे म्हणून विचारतो. आम्ही सगळे मामाच्या डोळ्यांकडे बघत उभे होतो. साखर वर आली, पुन्हा घसरली, पुन्हा वर आणली. डोळे उघडले नाहीत.

मामी डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी बघितलं होतं गं त्यांना. बघून परत फिरले.” आणि तिने मला सगळं सांगितलं. अशा वेळी माणसं जे बोलतात तेच मी बोलले, की तुला काय माहीत होतं, तुझ्या जागी कुणीही असतं तरी. ते खरं नव्हतं. तिच्या जागी दुसरं कुणीही असतं तर आत जाऊन त्याला हलवलं असतं. फक्त तीच तशी परत फिरू शकत होती, कारण त्याचं बसणं तिला इतकं पाठ होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तिलाही.

डोक्याचा पहिला फोटो स्वच्छ आला. मी तिथल्या तिथे देवाला हात जोडले. डॉक्टर मात्र खूश दिसले नाहीत. ते म्हणाले, या फोटोत रक्तस्राव झाला असता तर दिसला असता. साखरेने केलेलं नुकसान त्यात इतक्या लवकर दिसत नाही. त्यासाठी एमआरआय करायचा. दुसऱ्या दिवशी मामाला त्या बोगद्यासारख्या यंत्रात सरकवलं. आधी एका माणसाने मामीला विचारलं, यांच्या अंगात कुठे धातू आहे का. मामी म्हणाली, खिशात खिळे असतील. त्याने समजुतीने सांगितलं, की खिसाच नाहीये, आम्ही कपडे बदललेत. यंत्र सुरू झालं तेव्हा बाहेरपर्यंत धाडधाड आवाज येत होता. मामी दाराला कान लावून उभी राहिली आणि म्हणाली, इतक्या आवाजात त्यांना काही सुचायचं नाही.

फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. अंधारी खोली, संगणकाचे दोन मोठे पडदे, आणि त्यांवर मामाच्या मेंदूचे राखाडी काप. वयाने माझ्याएवढीच असेल ती, कानामागे पेन खोचलेलं, बोलणं सावकाश. तिने दाखवलं. राखाडीच्या मधे काही जागा पांढऱ्या उजळल्या होत्या. पेशींना साखर मिळाली नाही की त्या आतून फुगतात, त्यांच्यातलं पाणी मोकळं हलत नाही, आणि पाणी जिथे अडतं तिथे हा फोटो असा पांढरा दिसतो, असं तिने सांगितलं. पक्षाघात असता तर पांढरं एका बाजूला, एकाच रक्तवाहिनीच्या हद्दीत दिसलं असतं. इथे दोन्हीकडे सारखं आहे. आणि मेंदूच्या खोलातल्या या दोन गाठींसारख्या जागा वाचल्या आहेत. श्वास कोंडून झालं असतं तर बहुधा त्यांनाही धक्का लागला असता. साखरेचा मार असाच असतो.

मामी पडद्याकडे एकटक बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे कालच्या फोटोत उजेड समोरून होता. हा आडवा धरलाय.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मामाचा दिवा समजावून सांगितला. तिला ते आवडलं असावं, ती म्हणाली, हो, तसंच समजा. त्यावर मामीने विचारलं, की ही ओल आहे की पोकळ आहे. पुन्हा मला मधे पडावं लागलं. भिंतीवर डाग दिसतो तो दोन कारणांनी. एक तर नुसती ओल असते, ती वाळली की डाग जातो आणि भिंत होती तशी राहते. नाहीतर गिलाव्याने आतून भिंत सोडलेली असते, ते पुन्हा चिकटत नाही. बोटाने ठोकलं की पोकळ वाजतं.

डॉक्टरीणबाई हसली नाही. खुर्ची पुढे ओढून, पडद्यावर बोट ठेवून ती सांगू लागली. हा मधला डाग, मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा पूल आहे तिथला, हा बहुतेक ओल आहे, असे डाग पार गेलेले मी पाहिलेत. मेंदूच्या वरच्या सालीला फारसं लागलेलं नाही, म्हणून ते जागे होतील अशी मला आशा आहे. मग तिने दोन्ही बाजूंना आत लपलेले दोन छोटे पांढरे तुकडे दाखवले. “नवीन आठवणी इथे बसतात,” ती म्हणाली. “इथलं मला सांगता येत नाही. थोडी ओल असेल, थोडं पोकळ असेल. ठोकून बघायची सोय नाही. वाट बघायची.”

मामीने विचारलं, ते मला ओळखतील का. डॉक्टरीणबाई म्हणाली, जुनं बहुतेक शाबूत राहील. नवीन काही टिकेल की नाही, ते माहीत नाही.

मामाने डोळे उघडले ते बऱ्याच दिवसांनी, एका साध्या सकाळी, नर्स चादर बदलत असताना. आधी नुसता बघत राहिला. त्यानंतर एक-दोन दिवसांनी त्याची नजर मामीवर येऊन थांबली, आणि कोरड्या घशातून पहिलं वाक्य आलं ते असं, “डबा आणलास?” मामी इतके दिवस रडली नव्हती. ती त्याच्या पायाशी पलंगाचा दांडा धरून खाली बसली, आणि मी बाहेर जाऊन नर्सेसना उगाचच ओरडून सांगितलं, की माझ्या मामाला भूक लागलीये.

घरी आल्यावर आम्हाला कळलं, की फोटोतले ते दोन छोटे तुकडे म्हणजे काय असतं. मामा मामाच होता. माझी चेष्टा करायचा, तीस वर्षांपूर्वीचे मालक नावानिशी सांगायचा, उलटी चौकट बसवणारा सुतार त्याला लख्ख आठवत होता. पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी नसायचं. रोज उठून खोलीभर बघायचा, आपल्या स्वच्छ नखांकडे बघायचा आणि विचारायचा, की मी कामावर का नाही गेलो.

मग मामी त्याला सांगायची. सगळं सांगायची, शेवटपर्यंत. मी चौकटीतून बघितलं, तुम्ही नेहमीसारखे बसला होतात, मी परत फिरले. तो ऐकून घ्यायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हादरला, आणि मग म्हणाला, “नियम कुणाचा? माझा. मग तू कशाला रडतेस?” आणि तिला हसवायला म्हणून पुढे जोडलं, की मी तर बसल्या बसल्या मस्त झोप काढली म्हणायची. मामी डोळे पुसून उठली. मला वाटलं, सुटली बाई.

दुसऱ्या दिवशी मामा उठला आणि नखांकडे बघून विचारलं, मी कामावर का नाही गेलो.

असं रोज चाललं. रोज मामी कबूल करायची, रोज मामा नव्याने हादरायचा, नव्याने माफ करायचा, आणि झोप उतरली की माफीही उतरायची. मी एकदा वैतागून म्हटलं, तू त्याला ते सांगतेसच कशाला? त्याला माहीत नाही तर नसू दे. आजारी होतात, बरे झालात, एवढं पुरे. दुधासारखी रोज ताजी माफी काय घेतेस? मामी माझ्यावर रागावली नाही. ती म्हणाली, “सांगितल्याशिवाय त्यांच्या पुढ्यात ताट ठेववत नाही मला.” त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मामाकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी सुचवलं, की हात जुन्या कामाला लावा. आता मिस्त्रीचं घर म्हणजे दिव्याखाली अंधार. आमच्या मागच्या खोलीला इतकी वर्षं गिलावाच नव्हता, उघड्या विटा. मामा लोकांच्या भिंती आरशासारख्या करत हिंडत होता आणि घरी मामी विटांच्या खाचांतून खिळे ठोकून पिशव्या टांगत होती. तीच भिंत घ्यायची ठरली. परांचीवर चढू द्यायचं नाही, जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढंच, आणि रोज थोडा पट्टा. माल कालवायला मी. पहिल्या दिवशी मी पाणी जास्त घातलं, तर मामाने घमेल्यात बघून विचारलं, हे भिंतीला लावायचं की प्यायचं. रंधा हातात घेतल्यावर मात्र त्याचा हात असा फिरायला लागला, की बघणाऱ्याला वाटावं मधे काही घडलंच नाही.

मामी तशाच पालथ्या घमेल्यावर बसायची, पण आता त्याच खोलीत. आणि बोलायची. तिने ठरवूनच टाकलं होतं, की आता भिंत ओली असताना गप्प बसायचं नाही, तो उत्तर देतोय तोवर तो ठीक आहे. रोज तो तिला दटावायचा, अगं, भिंत ओली आहे. रोज ती म्हणायची, असू दे, आणि तिथूनच त्या दिवसाची गोष्ट पुन्हा सुरू व्हायची. वेळ झाली की ती त्याला मधेच उठवून जेवायला न्यायची. त्यामुळे भिंतीवर रोज एक सांधा पडत गेला. दुसऱ्या दिवशी मामा तो बघून भडकायचा. हा सांधा कुणी सोडला, कोण गाढव मिस्त्री इथे येऊन गेला? तुम्हीच, मामी सांगायची. तो आम्हा दोघींकडे असा बघायचा, की जणू आम्ही त्याच्यावर चोरीचा आळ घेतलाय.

काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला. खोली तीच होती आणि पेनही त्याच कानामागे. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले. मधला डाग कुठे होता ते शोधावं लागलं असतं, इतका साफ गेला होता. मी खूश झाले. बाजूच्या दोन तुकड्यांतला पांढरेपणाही गेला होता, पण ती जागा पहिल्यापेक्षा आक्रसलेली दिसत होती. मामीने काही विचारलं नाही, नुसतं बोट दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, इथे थोडं पोकळ निघालं. जे गेलं ते भरून येत नाही. जे उरलंय ते किती काम करेल, हे फोटोवरून मी सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर तो अंदाज असेल. मामीने तिचे आभार मानले. व्हॅनमधे बसल्यावर तिने खिडकीकडे तोंड फिरवलं ते घर येईपर्यंत. मामा मागच्या सीटवर बसून मला विचारत होता, की आपण कुठे गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी माल कालवला. मामी येऊन घमेल्यावर बसली, पण बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. मला कळत होतं तिला काय झालंय. इतके दिवस तिने मनात धरलं होतं, की ओल आहे, वाळेल. आता रोज सांगायचं, रोज त्याचा चेहरा पडलेला बघायचा, रोज माफ करून घ्यायचं, आणि हे दोघांतला कुणी एक जाईपर्यंत. मी कालवलेला माल उगाचच पुन्हा कालवत राहिले.

मामाने कालच्या सांध्यावरून बोट फिरवलं, तिथे पाणी मारलं आणि पुढचा पट्टा लावायला घेतला. सांधा कुणी सोडला म्हणून त्याने विचारलं नाही. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही, मी मामीकडे बघत होते. रंधा फिरू लागला. खरखर, मग सरसर. खोलीत बाकी काही आवाज नव्हता, आणि आवाज मऊ व्हायला लागला होता. त्याच वेळी तो थांबला.

मी दचकले. मामी तर उभीच राहिली.

मामा रंधा भिंतीवर तसाच टेकवून मान वळवून तिच्याकडे बघत होता. “आज बोलत का नाहीस तू?”

मामीला काही समजलं नाही. ती सवयीने सुरू झाली. “अहो, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या दिवशी शाळाबाईंच्या घरी मी चौकटीतून...”

“ते नको,” मामा म्हणाला. “ते सांगून झालंय तुझं. किती वेळा सांगशील? दुसरं काहीतरी सांग.”

माझे हात कोपरापर्यंत मालात होते आणि मी ते तसेच ठेवले. मामीने माझ्याकडे पाहिलं, आपण दोघींनी एकच ऐकलं ना, असं. मी मान हलवली. ती हळूच घमेल्यावर बसली. इतक्या महिन्यांत तिने मामाला दुसरं काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे सांगायला काही तयार नव्हतं. मामा वाट बघत उभा होता आणि त्याच्या मागे ओला गिलावा पाणी सोडून घट्ट होत चालला होता.

“समोरच्यांनी दाराला निळा रंग दिलाय,” शेवटी मामी म्हणाली. “अगदी वाईट दिसतो.”

“हं,” मामा म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

मग मामी बोलत राहिली. दाराबद्दल, समोरच्यांच्या भांडणाबद्दल, माझ्या व्हॅनच्या पुढच्या दिव्याबद्दल, जो मी दुरुस्त करत नाही. बोलता बोलता रडत होती, रडता रडता बोलत होती. ती क्षणभर थांबली, की मामा रंधा न थांबवता हुंकार द्यायचा, आणि ती पुढे सांगू लागायची.